लू गेरिगची उमेदवारी

१९२३ सालच्या एप्रिल महिन्याची १८ तारीख न्यूयॉर्क शहराच्या स्मरणांत राहिली ती एका नव्या क्रीडांगणामुळें. त्या दिवशीं यांकीज या धंदेवाईक बेसबॉल संघानें आपलें नवें, प्रचंड क्रीडांगण लोकांना खुलें केलें. प्रेक्षकांनीं तें फुलून गेलें होतें, आणि त्या काळचा सर्वांत लोकप्रिय खेळाडू बेब रूथ यानें पहिल्याच सामन्यांत चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावून देऊन त्या समारंभावर कळस चढविला. त्याच दिवशीं, त्याच शहरांत, कोलंबिया विद्यापीठाच्या पटांगणावर दुसराही एक सामना चालला होता. तेथें प्रेक्षक मूठभर होते. कोलंबियाच्या बाजूनें चेंडू फेंकणारा एकोणीस वर्षांचा एक धिप्पाड विद्यार्थी विल्यम्स कॉलेजच्या फलंदाजांना एकामागून एक परत धाडीत होता. सतरा वेळां त्यानें हा पराक्रम केला. विद्यापीठाच्या दप्तरीं तो विक्रम म्हणून नोंदला गेला. सामना मात्र कोलंबियानें गमावला.

त्या विद्यार्थ्याचें नांव लू गेरिग. अमेरिकेंत हें नांव आजही आदरानें घेतलें जातें. १ जून १९२५ पासून ३० एप्रिल १९३९ पर्यंत यांकीज संघाचा एकही सामना त्याच्यावांचून झाला नाहीं. लागोपाठ २,१३० सामने तो खेळला. हा उच्चांक छप्पन्न वर्षें अबाधित राहिला व १९९५ सालीं कॅल रिप्केन या खेळाडूनें तो मोडला. हीं चौदा वर्षें सर्वांना ठाऊक आहेत. परंतु कॉलेजचें पटांगण आणि यांकीजचें क्रीडांगण यांच्यामध्यें अंतर होतें तें थोड्या मैलांचें नव्हे, दोन वर्षांचें होतें. आणि त्या दोन वर्षांचा बराचसा काळ हार्टफर्ड नांवाच्या एका लहान शहरांत गेला. कारागीराच्या हाताखालीं नवा मुलगा उमेदवारी करतो, तशी गेरिगनें तेथें उमेदवारी केली. गुण कॉलेजांत दिसून येतो हें खरें. पण त्या गुणावर पोट भरतां येण्यास जी आणखी एक गोष्ट लागते, ती कॉलेजांत शिकवितां येत नाहीं. ती कोणती, हें या दोन वर्षांच्या हकीकतीवरून चांगलें कळून येतें.

ती हकीकत समजण्यासाठीं बेसबॉलची थोडीशी ओळख करून घेणें अवश्य आहे. क्रिकेट जाणणाऱ्यास ती सहज होईल. दोन्ही बाजूंस नऊ-नऊ खेळाडू असतात. मैदानावर नव्वद-नव्वद फूट बाजूंचा एक चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखा आंखलेला असतो. त्याचे चार कोपरे म्हणजे चार बेस. खालच्या कोपऱ्यावर फलंदाज उभा राहतो. त्याच्या हातांत मुसळासारखी गोल बॅट असते. साडेसाठ फुटांवरून 'पिचर' चेंडू फेंकतो, आणि तो जमिनीवर टप्पा न घेतां सरळ अंगावर आल्यासारखा येतो. तीनदां चुकलेला फलंदाज बाद होतो. चेंडू बॅटीला लागून मैदानांत गेला कीं धांवणें भागच असतें. पहिला बेस गांठण्यापूर्वीं चेंडू तेथील खेळाडूच्या हातांत पोंचला, तर धांवणारा बाद. चारही बेस फिरून आलें म्हणजे एक धांव होते. चेंडू कुंपणापार गेला कीं तो 'होमरन'. आपल्या षट्काराचा तो थोरला भाऊ होय. तीन गडी बाद झाले कीं पाळी संपते, आणि अशा नऊ पाळ्या प्रत्येक बाजूस मिळतात.

येथें क्रिकेटहून एक मोठा भेद आहे. क्रिकेटमध्यें जम बसलेला फलंदाज दिवसभर खेळत राहतो. बेसबॉलमध्यें उत्तमांतल्या उत्तम फलंदाजासही एका सामन्यांत चार-पांच वेळांच संधि मिळते, आणि तींतही अपयशच अधिक. त्याची योग्यता दर हजार संधींमागें तो किती वेळां चेंडू मारून बेस गांठतो या प्रमाणावरून ठरते. हजारीं तीनशें हें प्रमाण राखणारा खेळाडू पहिल्या प्रतीचा समजतात. याचा अर्थ असा कीं दहांपैकीं सात वेळां तो मान खालीं घालून परत येतो. शाळेंत शंभरांत तीस गुण मिळविणारा मुलगा नापास होतो. या खेळांत तोच पहिल्या वर्गांत बसतो. ही गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे, कारण गेरिगच्या उमेदवारीचें सारें मर्म तींतच आहे.

गेरिगचा जन्म १९ जून १९०३ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागांत झाला. त्याचे आईबाप जर्मनींतून येऊन तेथें स्थायिक झालेले. त्यांच्या चार मुलांपैकीं हा एकटाच जगला. बाप धातुकाम करी, परंतु त्याला नेहमीं काम असेच असें नाहीं. संसाराचा भार आई क्रिस्टिना हिच्यावर होता. ती लोकांचीं धुणीं धुई, स्वयंपाक करी. आपल्या मुलानें शिकून इंजिनिअर व्हावें हा तिचा एकच ध्यास होता. परक्या देशांत मोलमजुरी करून राहिलेल्या आईची ती साधी इच्छा होती. चेंडू व बॅट यांवर कोणाचा संसार चालेल ही कल्पनाच तिला पटण्यासारखी नव्हती.

मुलाच्या अंगचें सामर्थ्य मात्र लपण्यासारखें नव्हतें. १९२० च्या जूनमध्यें न्यूयॉर्कच्या कॉमर्स हायस्कूलचा संघ शिकागोच्या एका हायस्कूलशीं सामना खेळण्यासाठीं रेल्वेनें शिकागोस गेला. तिन्ही बेसवर आपले गडी उभे असतां, शेवटच्या पाळींत सतरा वर्षांच्या गेरिगनें चेंडू क्रीडांगणाच्या बाहेर घालविला. तें क्रीडांगण शाळेचें नव्हतें. शिकागोच्या धंदेवाईक संघाचें होतें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत या मुलाचें नांव आलें. पुढील वर्षीं तो कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाला तो फुटबॉलच्या जोरावर शिष्यवृत्ति मिळवून, आणि शिकूं लागला तो इंजिनिअरिंग. त्याच विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या एका निवासगृहांत आई स्वयंपाकीण होती. ती ज्या पंगतीचा स्वयंपाक करी, त्या पंगतीस मुलगा वाढी व मागाहून भांडीं विसळी.

कॉलेजचें पहिलें वर्ष सुरू होण्यापूर्वींच त्याच्या हातून एक चूक झाली. १९२१ च्या उन्हाळ्यांत तो हार्टफर्डच्या धंदेवाईक संघाकडून बारा सामने खेळला, तेंही 'लुईस' असें खोटें नांव धारण करून. न्यूयॉर्क जायंट्स या प्रसिद्ध संघाचा व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यानें हा मार्ग सुचविला असें सांगतात. त्या काळीं कॉलेजांतील खेळाडूनें सर्वस्वी हौशी असलें पाहिजे असा कडक दंडक होता. खेळण्याबद्दल पैसा घेतला कीं तो बाटलाच. नांव खोटें असलें तरी असा धिप्पाड गडी लपून राहतो थोडाच! गोष्ट उघडकीस आली व कोलंबियाच्या संघांतून गेरिगला एक वर्ष बाहेर बसावें लागलें. सल्ला देणारा अनुभवी, पंचेचाळिशी ओलांडलेला. शिक्षा भोगणारा अठरा वर्षांचा. विद्यापीठाचा बेसबॉल-शिक्षक अँडी कोक्ली हा स्वतः पूर्वीं मोठ्या संघांतून खेळलेला होता. त्यानें प्रतिस्पर्धी कॉलेजांकडे रदबदली केली, म्हणूनच त्या मुलास पुन्हा पटांगण दिसलें.

१९२३ चा वसंतऋतु हा गेरिगच्या कॉलेजमधील बेसबॉलचा पहिला व शेवटचा हंगाम ठरला. तो कधीं चेंडू फेंकी, कधीं पहिल्या बेसवर उभा राही, आणि फलंदाजीस आला कीं पटांगणाच्या शेजारच्या इमारतींतील लोक खिडक्यांकडे पाहूं लागत. त्या हंगामांत त्याचें प्रमाण हजारीं ४४४ इतकें पडलें व सात होमरन त्याच्या नांवावर लागले. यांकीज संघानें उदयोन्मुख खेळाडूंच्या शोधार्थ नेमलेला पॉल क्रिचेल हा गृहस्थ त्या दिवसांत कॉलेजांचे सामने पाहत फिरत होता. गेरिगच्या चेंडूफेंकीनें तो विशेष भुलला नाहीं. डावखुऱ्या हातांतील बॅटीनें मात्र त्याला जागच्या जागीं खिळविलें. आपल्याला दुसरा बेब रूथ सांपडला असें त्यानें मालकांना कळविलें अशी आख्यायिका आहे. एप्रिल संपतां संपतां करार झाला. सही करतांच हातीं पडणारी रक्कम होती १,५०० डॉलर.

धुणीं धुऊन व स्वयंपाक करून चालविलेल्या संसारांत या रकमेचें मोल काय होतें हें वेगळें सांगावयास नको. घरांत आजारपण होतें. पैशाची ओढ होती. गेरिगनें इंजिनिअरिंगचा अभ्यास अर्धवट टाकला. आईचें मन दुखावलें. दोन वर्षें शिकलेला मुलगा पदवी न घेतां बाहेर पडतो, तेंही चेंडू खेळण्यासाठीं, हें कोणत्या आईस रुचेल? आणि तिच्या शंकेंत शहाणपण नव्हतें असेंही नाहीं. कॉलेजांत हिरा ठरलेले कित्येक खेळाडू धंद्यांत पहिल्याच वर्षीं गारगोटी ठरतात, हें तेव्हांही खरें होतें आणि आजही आहे.

तो यांकीजचा झाला खरा, पण यांकीजमध्यें त्याला जागा नव्हती. पहिल्या बेसवर वॉली पिप हा कसलेला खेळाडू उभा होता. जूनमध्यें गेरिगला एकदोन वेळां मैदानावर उतरविण्यांत आलें. एरव्हीं तो बांकावर बसून असे. बांकावर बसून कोणी शिकत नाहीं. म्हणून ऑगस्टच्या आरंभीं त्याची रवानगी हार्टफर्डला झाली. दोन वर्षांपूर्वीं ज्या संघांत तो खोट्या नांवानें खेळला होता, त्याच संघांत आतां तो स्वतःच्या नांवानें आला.

'मायनर लीग' म्हणून जी संस्था अमेरिकेंत आहे तिचें स्वरूप येथें पाहणें योग्य होईल. त्या काळीं 'मेजर लीग' म्हणजे सर्वश्रेष्ठ गणलेले संघ सोळाच होते, व ते सारे दहा शहरांत सामावलेले. बाकीच्या सबंध देशांत शेंकडों गांवांना आपापले धंदेवाईक संघ होते. त्यांचे गट पाडलेले असत व त्या गटांना इयत्ता असत: सर्वांत वर 'डबल ए', त्याखालीं 'ए', मग 'बी', 'सी' आणि शेवटीं 'डी'. खेडवळ गांवांतील मुलगा 'डी'पासून आरंभ करी व चढतां चढतां एखाद्या दिवशीं न्यूयॉर्क-शिकागोस पोंचे. बहुतेक मधल्याच एखाद्या पायरीवर थांबत. लहान गांवाला त्यांत करमणूक मिळे, आणि मोठ्या संघाला तयार खेळाडू. पुढें सेंट लुईस कार्डिनल्स संघाचा ब्रँच रिकी यानें १९२० नंतरच्या वर्षांत हे लहान संघ विकत घेऊन किंवा करारानें बांधून घेऊन त्यांची एक शिस्तवार उतरंड रचली. तिला 'फार्म' असें नांव पडलें. शेतांत रोप लावावें, वाढूं द्यावें व तयार झालें कीं उचलावें, तशी ही पद्धति.

हार्टफर्ड ही कनेक्टिकट संस्थानाची राजधानी. विमा कंपन्यांचें शहर म्हणून तिची ख्याति. तेथील संघ 'ईस्टर्न लीग' या गटांत होता, आणि त्या गटाची इयत्ता 'ए'. न्यू हेवन, ब्रिजपोर्ट, वॉटरबरी, स्प्रिंगफील्ड, वूस्टर अशीं आसपासचीं शहरें त्याच गटांत होतीं. कॉलेज व हा गट यांतील मुख्य भेद खेळाच्या दर्जाचा नव्हे, संख्येचा होता. कोलंबियाचा सबंध हंगाम सुमारें वीस सामन्यांचा. येथें रोज सामना. काल हरलों म्हणून शोक करण्यास सवड नाहीं. आज जिंकलों म्हणून मिरविण्यासही नाहीं. कॉलेजच्या सामन्यांत पाठीवर थाप मारणारे मित्र असतात, येथें शेजारच्या बांकावर बसलेला गडी त्याच जागेसाठीं टपलेला असतो. चेंडू फेंकणारेही निराळे. कॉलेजांतला पिचर नुसता जोर लावतो. येथला अनुभवी पिचर फलंदाजाला कोणता चेंडू झेपत नाहीं हें दोन दिवसांत हेरून पुढचे आठ दिवस त्याला तोच चेंडू चारतो.

गेरिगची हीच गत झाली. पहिले कांहीं दिवस त्याची बॅट चालेना. एका सामन्यांतलें अपयश दुसऱ्यांत गेलें, दुसऱ्यांतलें तिसऱ्यांत. ज्याला कॉलेजांत दर दुसऱ्या संधीस यश मिळण्याची संवय झाली होती, त्याला हा अनुभव सर्वस्वी नवा होता. स्वभावानें तो अबोल व लाजाळू. मनांतलें दुःख कोणापाशीं बोलून मोकळें होण्याची त्याची रीत नव्हती. आपण या धंद्याच्या योग्यतेचे नाहींच असें त्याच्या मनानें घेतलें. शिक्षण सोडलें, आईला दुखविलें, आणि हातीं कांहींच लागलें नाहीं, असा विचार अशा वेळीं कोणाच्याही मनांत येणें साहजिक आहे. खेळ सोडून परत जावें या थरापर्यंत तो आला होता असें त्याच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे.

ही बातमी न्यूयॉर्कला पोंचली, तेव्हां ज्यानें त्याला हेरलें होतें तो क्रिचेलच हार्टफर्डला गेला. संघाचा व्यवस्थापक पॅडी ओकॉनर हाही समजदार मनुष्य होता. त्यांनीं त्या मुलाला बॅट धरण्याची कोणतीही नवी युक्ति शिकविली नाहीं. मोठमोठ्या फलंदाजांच्याही वाट्यास असे दिवस येतात, आणि ते दहांतून सात वेळां फसतात म्हणून कोणी त्यांना नालायक म्हणत नाहीं, एवढेंच त्याच्या गळीं उतरविलें. ऐकावयास ही गोष्ट अगदीं साधी वाटते. परंतु आजवर प्रत्येक परीक्षेंत वर आलेल्या हुशार मुलास तिच्याइतकी अवघड दुसरी गोष्ट नसते. नापास होऊनही दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं, त्याच जागीं, तितक्याच हुरूपानें उभें राहावयाचें, हें शिक्षण पुस्तकांतून मिळत नाहीं. तें रोजच्या रोज फजिती करून घेऊनच मिळवावें लागतें.

त्यानंतर त्याची बॅट बोलूं लागली. त्या वर्षीं हार्टफर्डकडून खेळलेल्या ५९ सामन्यांत त्यानें २४ होमरन मारले व प्रमाण हजारीं ३०४ वर आणून ठेविलें. कॉलेजच्या ४४४ शीं तुलना केली तर हा आंकडा उणा दिसतो. परंतु ४४४ हे मित्रांच्या टाळ्यांत मिळालेले गुण होते. ३०४ हे परक्यांच्या पुढें, पोटासाठीं, अपयशाच्या तळाशीं जाऊन वर येतांना मिळविलेले होते. कोणत्या आंकड्याची किंमत अधिक, हें सांगण्याची गरज नाहीं.

सप्टेंबरमध्यें यांकीजनीं त्याला परत बोलाविलें. त्या वर्षीं एकंदर तेरा सामन्यांत त्याला मोठ्या संघांतून खेळावयास मिळालें व सव्वीस संधींत अकरा वेळां तो यशस्वी झाला. तेवढ्यांत पिप जखमी झाला. वर्षाच्या शेवटीं सर्वश्रेष्ठ दोन संघांत जी 'वर्ल्ड सिरीज' नांवाची सामन्यांची मालिका होते, तींत गेरिगला घ्यावें असें यांकीजच्या मनांत आलें. परंतु तो उशिरां संघांत आलेला असल्यामुळें नियमाप्रमाणें प्रतिस्पर्धी संघाची संमति लागत होती. प्रतिस्पर्धी होता जायंट्स, आणि त्याचा व्यवस्थापक होता जॉन मॅग्रॉ. त्यानें साफ नकार दिला. दोन वर्षांपूर्वीं ज्याच्या सल्ल्यानें त्या मुलाचें कॉलेजांतील एक वर्ष बुडालें होतें असें म्हणतात, त्याच्याच शब्दानें आतां ही संधिही हुकली. गेरिगला घरचा रस्ता धरावा लागला.

१९२४ सालीं पिप बरा होऊन पुन्हा आपल्या जागेवर उभा राहिला, आणि गेरिगची पुन्हा हार्टफर्डला पाठवणी झाली. वर चढून आलेल्यास खालीं उतरावयास लावणें ही उमेदवारीतील सर्वांत कठीण कसोटी. पुष्कळजण या ठिकाणीं कडवटपणानें वायां जातात. गेरिग तेथें सबंध हंगाम राहिला आणि १३४ सामने खेळला. या वेळीं प्रमाण पडलें हजारीं ३६९, आणि होमरन ३७. परंतु आंकड्यांत न दिसणारें दुसरें एक काम त्या वर्षीं झालें. पहिल्या बेसवरील क्षेत्ररक्षण हें त्याचें मोठें वैगुण्य होतें. त्या जागेवरील खेळाडूला एक पाय बेसवर ठेवून मैदानाच्या चहूंकडून येणारे चेंडू, उंच असोत, आखूड असोत, वांकडे असोत, झेलावे लागतात. एक सुटला तर एका गड्याचें जीवदान. गेरिगचें शरीर दांडगें व हालचाल बोजड होती. ही उणीव बुद्धीनें भरून निघण्यासारखी नव्हती. तीच हालचाल हजारों वेळां केल्यानेंच ती भरून निघते, आणि तेवढे चेंडू कॉलेजच्या पटांगणावर त्याला दहा वर्षांतही मिळाले नसते.

पुढील हकीकत इतिहासजमा आहे. १९२५ सालीं यांकीज संघाची घडी विस्कटली होती. १ जून रोजीं गेरिग दुसऱ्या एका खेळाडूच्या ऐवजीं एका संधीपुरता फलंदाजीस आला, आणि २ जूनला वॉली पिपच्या जागीं पहिल्या बेसवर उभा राहिला. त्यानंतर ती जागा त्यानें १९३९ पर्यंत सोडली नाहीं. कारकीर्दीचें एकंदर प्रमाण हजारीं ३४०, व होमरन ४९३. २ मे १९३९ रोजीं डेट्रॉइट येथें त्यानें स्वतः होऊन आपल्याला वगळण्यास सांगितलें; हातापायांतील शक्ति कांहीं केल्या परत येत नव्हती. स्नायूंना चालविणारे मज्जातंतु निकामी करणारा तो असाध्य रोग होता. अमेरिकेंत आज तो गेरिगच्याच नांवानें ओळखला जातो. २ जून १९४१ रोजीं त्याचा अंत झाला. पिपची जागा त्यानें घेतली त्याला त्या दिवशीं बरोबर सोळा वर्षें पुरीं होत होतीं.

गेरिगच्या काळानंतर या शिडीच्या पायऱ्या पुष्कळ बदलल्या. १९६५ पासून कॉलेज व हायस्कूल यांतील खेळाडूंची निवड सर्व संघ एकत्र येऊन ठराविक क्रमानें करूं लागले. त्यामुळें क्रिचेलसारख्या हेरानें गुपचूप सही घेऊन येण्याचे दिवस संपले. चार वर्षांच्या कॉलेजांत गेलेल्या खेळाडूस साधारणतः तिसरें वर्ष संपेपर्यंत, अथवा तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत निवडतां येत नाहीं. शिक्षणाचा बराच भाग पदरांत पडतो. हौशीपणाचा जुना दंडकही ढिला झाला असून २०२१ पासून कॉलेजांतील खेळाडूंना आपल्या नांवलौकिकावर उघडपणें पैसा मिळवितां येतो. आज एखाद्या गेरिगला 'लुईस' होण्याचें कारण उरलेलें नाहीं. २०२१ मध्येंच मायनर लीगची पुनर्रचना होऊन मोठ्या तीस संघांशीं जोडलेले १२० संघ चार इयत्तांत बसविण्यांत आले.

एक गोष्ट मात्र फार उशिरां सुधारली. उमेदवारी करणाऱ्याचे हाल कोणी पाहत नाहीं, ही रीत तेथेंही होती. अगदीं अलीकडेपर्यंत खालच्या संघांतील तरुणांना वर्षाकाठीं मिळणाऱ्या पैशांत पोट भरणें कठीण जाई. एका खोलींत अनेकांनीं राहावें व हिवाळ्यांत दुसरें कांहीं काम शोधावें असा क्रम होता. २०२२ मध्यें हे खेळाडू संघटित झाले, आणि २०२३ मध्यें त्यांचा पहिला सामुदायिक करार झाला. सर्वांत वरच्या 'ट्रिपल ए' या इयत्तेंतील किमान वार्षिक वेतन त्यानें १७,५०० डॉलरांवरून ३५,८०० वर गेलें. तरीही बहुसंख्य तरुण मेजर लीगचें तोंड न पाहतांच घरीं परततात. पायऱ्या झाडून पुसून स्वच्छ केल्या म्हणून शिडी चढण्याचे श्रम कमी होत नाहींत.

क्रिस्टिना गेरिग हिची शंका शेवटीं फिटली. मुलाच्या खेळाची तिला गोडी लागली. त्याचे सोबती तिच्या हातचें जर्मन जेवण जेवावयास येत, आणि त्यांत खुद्द बेब रूथही असे. परंतु तिच्या मुलाचें भाग्य उघडलें म्हणून कॉलेज सोडणें शहाणपणाचें ठरतें असा अर्थ कोणी काढूं नये. त्याच सालीं, त्याच वयाचे, तितक्याच आशेनें कॉलेज सोडून गेलेले कितीतरी तरुण होते; त्यांचीं नांवें कोणत्याही ग्रंथांत नाहींत. गेरिगनें शाळा सोडली नाहीं, बदलली, असें म्हणणें अधिक खरें होईल. नवी शाळा जुनीपेक्षां कडक निघाली. तेथें पदवी नव्हती, समारंभ नव्हता. रोज सकाळीं कालचें अपयश बाजूस ठेवून उठणें एवढाच अभ्यासक्रम होता. लागोपाठ २,१३० सामन्यांत मैदानावर हजर राहण्याची जी अमानुष वाटणारी चिकाटी जगानें पुढें पाहिली, तिचा पहिला धडा १९२३ च्या ऑगस्टमध्यें हार्टफर्ड येथें, बॅटीला चेंडू लागत नव्हता तेव्हां, गिरविला गेला होता.

मुलगा कोणत्या धंद्यांत पडतो याची काळजी घराघरांत वाहिली जाते, आणि ती वाहिलीच पाहिजे. त्याच्या अंगीं गुण आहे कीं नाहीं हेंही वडीलमाणसें पारखून पाहतात. परंतु तो पहिल्यांदा फसेल तेव्हां त्याच्याजवळ जाऊन बसणारें कोणी आहे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. हार्टफर्डच्या त्या निराश तरुणाजवळ असें माणूस वेळेवर जाऊन पोंचलें.